गुरे माती का खातात?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, आमचे वासरू भिंत चाटते, माती खाते. आजोबांनी त्याला मुसके बांधले. हे बरोबर का?" आम्ही पडलो भाषेचे शिक्षक, परंतु प्रश्न मनातून जाईना, म्हणून थोडा अभ्यास केला.

'माती खाणे' हा वाक्प्रचार आपण फजितीच्या अर्थाने योजतो. जनावर मात्र बहुधा गरजेपोटी माती खाते. गवतात पोटॅशियम विपुल, सोडियम अत्यल्प. रवंथ करणाऱ्या गाईला दिवसाकाठी 100 लिटर वा त्याहूनही अधिक लाळ सुटते. तिच्यातील सोड्यासारखे क्षार पोटातील आम्लता आवरतात, आणि त्यांना सोडियम लागते. आमच्या कोकणपट्टीत समुद्रावरचा वाराच मीठ घेऊन येतो. लामता समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर! येथील गुरांनी ते शोधावे कोठे?

रानातही हीच कथा. बालाघाट व मंडला जिल्ह्यांत पसरलेले कान्हा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील गवे, सांबर, चितळ अशी जनावरे खारी माती हुडकून चाटतात. शिकारी पूर्वी अशाच जागी दबा धरून बसत, कारण तहानेप्रमाणे ही ओढही जनावरास चुकत नाही. केनियातील एल्गन पर्वतावर तर हत्ती गुहेच्या अंधारात शिरून सुळ्यांनी क्षारयुक्त खडक फोडतात.

सगळीच माती मिठासाठी खाल्ली जात नाही. चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पाल्यातील काही विषारी द्रव्ये धरून ठेवतात आणि बिघडलेल्या पोटास आराम देतात, असे शास्त्रज्ञ मानतात. फॉस्फरस कमी पडला की गुरे हाडेही चघळतात. दक्षिण आफ्रिकेत सर अर्नोल्ड थायलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे उलगडले. सडक्या हाडांतील विषाने तेथे गुरे मरत. हाडांची भुकटी चारताच ती हाडे चघळीनाशी झाली.

मग वासराला माती खाऊ द्यावी काय? तसेही नव्हे. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, वाळू साचते, आणि फाशी रोगाचे बीज तर जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. मुसक्याने तोंड बंद होते, उणीव तशीच राहते. आम्ही विद्यार्थ्यास शेण तपासून घेण्यास व दावणीत खडेमीठ ठेवण्यास सांगितले.

तपासणीत जंत निघाले. औषध दिले. वासरू भिंत अजून अधूनमधून चाटते म्हणे. मुसके मात्र गोठ्यातील खुंटीला टांगलेले आहे.