ब्रॉयलर कोंबड्यांतील जलोदर : कारणे व प्रतिबंध

हिवाळ्यात ब्रॉयलर शेडमध्ये चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मरतूक वाढल्याचा अनुभव अनेक कुक्कुटपालकांना येतो. मरणारे पक्षी बहुधा चांगल्या वाढीचे असतात व त्यांत नरांचे प्रमाण जास्त असते. पोट फुगलेले असते व ते उघडल्यास पिवळसर पाणी निघते. खाद्याचा बराचसा खर्च होऊन गेलेला व विक्री तोंडावर आलेली, अशा वेळी हे नुकसान जड जाते. या विकारास जलोदर म्हणतात. पाणी पोटात दिसत असले, तरी दुखण्याचे मूळ हृदय व फुप्फुसे यांमधील रक्ताभिसरणात असते.

रक्ताचा प्रवास

कोंबडीचे हृदय आपल्याप्रमाणेच चार कप्प्यांचे असते. शरीरातून परत आलेले, प्राणवायू कमी असलेले रक्त उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात जमते व झडपेतून खालच्या कप्प्यात उतरते. हा कप्पा ते फुप्फुसांकडे ढकलतो. तेथे रक्त कर्बवायू सोडते, प्राणवायू घेते आणि हृदयाच्या डाव्या बाजूस येते. डावी बाजू ते सर्व शरीरास पुरविते. म्हणजेच शरीराला जेवढे रक्त लागते, तेवढे सगळे आधी फुप्फुसांतून जावे लागते.

बिघाड कसा होतो?

कोंबडीची फुप्फुसे फासळ्यांना चिकटलेली असतात. ती आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा खेळविण्याचे काम वायुकोश करतात. फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्याही फारशा रुंदावत नाहीत. इकडे ४० ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचे होते. प्राणवायूची गरज वाढते, हृदय जास्त रक्त पाठविते, वाट मात्र तेवढीच राहते. अरुंद पाइपला मोठी मोटार जोडल्यावर दाब वाढतो, तसेच येथे होते. उजवा खालचा कप्पा प्रथम जाड होतो व पुढे ताणून सैल पडतो. कोंबडीत या बाजूची झडप स्नायूची असल्याने तीही जाड होते व नीट मिटत नाही. रक्त मागे फिरून यकृतात तुंबते आणि त्यातील द्रव झिरपून पोटात साठतो.

थंडीत शरीर उबदार ठेवण्यासाठी प्राणवायू अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी आपण पडदे घट्ट बंद करतो. शेडमध्ये अमोनिया, धूळ व कोंदटपणा वाढतो. गरज वाढलेली आणि हवा कमी, अशी दुहेरी अडचण पक्ष्यांवर येते.

लक्षणे

पक्षी सुस्त होतो, धापा टाकतो, तुरा निळसर पडतो, पोट लोंबते. पाणी साठल्यावर खात्रीचा उपचार नाही. म्हणून प्रतिबंधावरच भर द्यावा.

प्रतिबंधक उपाय

१) पडदे तळाशी बांधून वरून उघडतील असे लावावेत. थंडीच्या रात्रीही छताखाली सुमारे एक फूट फट मोकळी ठेवावी.

२) पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला २ ते ३ अंशांनी कमी करावे. कोळशाच्या शेगडीचा धूर शेडबाहेर जाईल अशी सोय करावी.

३) रोज शेडमध्ये खाली बसून पक्ष्यांच्या उंचीवर श्वास घ्यावा. डोळे चुरचुरल्यास अमोनिया वाढला असे समजून ओली गादी काढावी, उरलेली उलथून कोरडी करावी.

४) दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रात्री ४ ते ६ तास अंधार ठेवावा. वाढ थोडी मंदावून हृदयावरील ताण कमी होतो. मात्र बल्बवर ऊब देत असल्यास ऊब चालू राहील अशी वेगळी व्यवस्था आधी करावी.

५) खाद्यात मीठ जास्त होऊ देऊ नये. बोअरचे पाणी खारट असल्यास तपासून घ्यावे.

६) श्वसनाच्या रोगांचे लसीकरण वेळेवर करावे.

बुरशीयुक्त खाद्यामुळे यकृत बिघडूनही पोटात पाणी होते. म्हणून मेलेल्या पक्ष्यांचे पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्यावे व त्यानंतरच पुढील उपाय ठरवावेत. जलोदर पक्ष्यांकडून पक्ष्यांत पसरत नाही. तेव्हा एका पक्ष्यात तो आढळल्यास सगळ्या शेडला औषध पाजण्यापूर्वी शेडमधील हवा तपासावी.