सर्पदंश आणि प्रथमोपचारकाचे कर्तव्य

नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने फलटण तालुक्याचा उत्तरेकडील पट्टा बागायती झाला. पाण्याबरोबर ऊस आला, उसाच्या फडात उंदीर वाढले आणि उंदरांमागे साप आले. रात्रीच्या पाळीला पाणी देणारा शेतकरी, पाचटात हात घालणारा ऊसतोड मजूर आणि खोपीत जमिनीवर झोपणारी त्याची मुले यांना सर्पदंशाचा धोका सर्वाधिक असतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. म्हणूनच गावातील प्रथमोपचारकाची, मग तो शिक्षक असो, ग्रामसेवक असो वा कारखान्याच्या टोळीचा मुकादम, खरी कसोटी अशा प्रसंगी लागते.

प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांतून दंशाच्या वर घट्ट आवळपट्टी बांधावी, जखमेवर चीर द्यावी, तीत पोटॅशियम परमँगनेट भरावे, असे शिकविले जात असे. पिढ्यान् पिढ्या हे ज्ञान प्रामाणिकपणे पाठ केले गेले. आज ते सर्व त्याज्य ठरले आहे. घट्ट बांधलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटून हातपाय गमावण्याची वेळ येते. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती नष्ट होते. अशा रोग्याला दिलेली चीर म्हणजे न थांबणारा रक्तस्राव. तोंडाने विष ओढण्याने काहीच साधत नाही. तेव्हा प्रथमोपचारकाचे पहिले कर्तव्य म्हणजे जुने शिकलेले विसरणे, आणि हेच बहुधा सर्वांत अवघड असते.

प्रत्यक्षात करावयाचे काम थोडे आहे. रोग्याला सापापासून दूर न्यावे, धीर द्यावा आणि चालू देऊ नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण व घड्याळ सूज चढण्यापूर्वीच काढून घ्यावे. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर करावा. पट्टी मात्र सैल असावी. उलटी होत असल्यास रोग्याला डाव्या कुशीवर निजवावे. साप मारण्याच्या वा पकडण्याच्या नादी लागू नये. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावला जाण्याचा धोका असतो. आपल्याकडील प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही जातींच्या विषावर एकत्रितपणे चालते. त्यामुळे मेलेला साप डॉक्टरांपुढे आणण्याची आवश्यकता नाही. कोणी आधीच दोरी बांधली असेल तर ती एकदम सोडू नये. ते काम रुग्णालयात, डॉक्टरांसमोर व्हावे. प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने ते घरी वा शेतात टोचण्याचे औषध नव्हे.

मण्यारीच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ती बहुधा रात्री झोपेत चावते. वेदना फारशी नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आवाज बदलतो. ‘बाधले असेल’ म्हणून घरचे थांबतात आणि तेवढ्यात श्वास मंदावू लागतो. अशी लक्षणे जमिनीवर झोपलेल्या माणसात दिसताच सर्पदंश गृहीत धरावा. श्वास थांबल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास देत राहावे. वेळेवर श्वास चालू ठेवल्यास असा रोगी वाचू शकतो.

गावात मांत्रिकाकडे नेण्याचा आग्रह होतो. त्यामागे कारण आहे: चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. हे रोगी आपोआप बरे होतात व श्रेय मंत्राला मिळते. अशा वेळी वाद घालत बसण्यात अर्थ नाही. मांत्रिकालाही गाडीत बसवून घ्यावे. मंत्र वाटेतही म्हणता येतो, गाडी मात्र थांबता कामा नये.

रोगी डॉक्टरांच्या स्वाधीन करीपर्यंत प्रथमोपचारकाची जबाबदारी संपत नाही. दंशाची वेळ, पहिले लक्षण केव्हा दिसले, पुढे काय काय वाढत गेले, कोणी काय पाजले वा लावले, हे कागदावर लिहून द्यावे. घाबरलेल्या नातेवाइकांच्या दहा तोंडी हकिगतींपेक्षा हा कागद अधिक उपयोगी पडतो. रोगी स्त्री असल्यास सोबत दुसरी स्त्री घ्यावी. घरातील गोष्टी चावडीवर सांगू नयेत.

साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय फलटणपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. रात्री हे अंतर मोठे वाटते. म्हणून प्रतिविषाचा साठा जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात वा रुग्णालयात आहे, हे ग्रामपंचायतीने गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या रुग्णवाहिका सेवेचा १०८ हा क्रमांक व रात्री गाडी काढू शकणाऱ्या दोन चालकांची नावे शाळेच्या भिंतीवर आणि टोळीच्या तळावर ठळक अक्षरांत लिहावीत. टोळीच्या तळावर लिहिताना तेथील किती माणसांना वाचता येते, हेही पाहावे; अन्यथा मुकादमाकडून ती सर्वांना तोंडपाठ करून घ्यावीत.