फुंकरीने झालेली बाटली

चूल पेटेना म्हणजे आपण काय करतो? फुंकणी घेतो नि फुंकतो. तशाच एका नळीने काच स्वस्त केली, ती हकिगत आज वाचू.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे राज्य फार मोठे होते. रोम हे शहर इटली देशात आहे. तिथले लोक न्हाताना साबण लावत नसत. अंगाला तेल चोळत. मग विळ्यासारख्या वाकड्या, बोथट पात्याने तेल नि मळ खरवडून काढत. म्हणून न्हायला जाताना तेलाची बाटली बरोबर लागे. अत्तराला बारीक कुप्या लागत, त्या वेगळ्याच.

पूर्वी काचेची कुपी म्हणजे श्रीमंताची वस्तू. ती कशी करत? आधी सळईवर मातीचा गोळा थापायचा. त्यावर वितळलेली काच गुंडाळायची. काच निवली, की आतली माती कोरून काढायची. एका चिमुकल्या कुपीसाठी केवढा खटाटोप!

इसवी सनापूर्वी ५० च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरच्या कारागिरांना नवी युक्ती सापडली. जेरुसलेम शहरात खोदताना त्या काळच्या फुंकलेल्या काचेचे तुकडे निघाले आहेत. पुढे काम असे चाले. वाळू आणि इजिप्तमधला खार भट्टीत वितळवत. हा खार आपल्या पापडखाराच्या जातीचा, बरे का! मग पोकळ नळीच्या टोकाला मधासारखी घट्ट काच घ्यायची नि दुसऱ्या टोकाने फुंकायचे. काच फुगते. नळी सारखी फिरवायची, नाही तर काच एका अंगाला लोंबते. चिमट्याने मान ओढली, की झाली कुपी.

स्त्राबो नावाचा त्या काळचा लेखक सांगतो, की रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळे. म्हणजे गरिबाच्या घरातही काच आली. करणाऱ्या बहुतेक कारागिरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. आम्हाला याचे वाईट वाटते.

मेलेल्या माणसाजवळ थडग्यात या कुप्या ठेवत. पुढे त्या सापडल्या, तेव्हा लोक म्हणू लागले, की यांत घरच्यांनी आपली आसवे साठवली. गोष्ट मनाला लागते खरी. आम्हीही ती खरी मानत होतो. पण आतला चिकटलेला अंश तपासला, तर तेल नि चरबी निघाली.

अशी कुपी कधी पाहायला मिळाली, तर उजेडात धरून बघा. मोराच्या पिसासारखे रंग दिसतील. ते कारागिराने दिलेले नव्हेत. जमिनीतल्या ओलीने काचेवर बारीक पापुद्रे धरतात, त्यांचे ते रंग आहेत.