धावण्याची वेळ आणि धावण्याचा रस्ता

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची धाव. धावपटूंची तुलना करताना आपण फक्त घड्याळ पाहतो आणि तिथेच फसतो.

अमेरिकेचे दोन धावपटू घेऊ. २०११ साली बोस्टनमध्ये रायन हॉल २ तास ४ मिनिटे ५८ सेकंदांत पोहोचले, क्रमांक चौथा. २०१४ साली त्याच रस्त्यावर मेब केफ्लेझिगी यांना २ तास ८ मिनिटे ३७ सेकंद लागले, क्रमांक पहिला! हे कसे? २०११ ला वारा पाठीमागून ढकलत होता, त्यामुळे सगळेच वेगात धावले. शिवाय बोस्टनची शर्यत एका गावातून निघून दुसरीकडे संपते आणि रस्ता एकंदरीत उताराचा, म्हणून तिथली वेळ विक्रमात धरत नाहीत. त्यामुळे अमेरिकेचा विक्रम खालिद खन्नूची यांच्याच नावावर राहिला: लंडन, २००२, २ तास ५ मिनिटे ३८ सेकंद. तो २०२५ मध्ये शिकागोत कॉनर मँट्झ यांनी मोडला.

मेब लहानपणी इरिट्रियातून निर्वासित होऊन आलेले. बोस्टन जिंकले तेव्हा वय ३८. हे मुद्दाम सांगावेसे वाटले.

आपली मुले-मुली पोलीस भरतीसाठी धावतात, मित्राच्या वेळेशी आपली वेळ ताडून पाहतात आणि भर उन्हात जोर लावतात. वहीत वेळेसोबत रस्ता, ऊन, वारा आणि रात्रीची झोपही लिहा. चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबा, डॉक्टरांना दाखवा.