परदेशी अभ्यासदौरा आणि जेवणाचा हिशेब

आपल्या समाजातील कॉमर्स व मॅनेजमेंट शिकणारी मुले-मुली आता कॉलेजच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशी जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. सिंगापूर हे अशा दौऱ्यांचे एक ठिकाण. विमान व मुक्कामाचे पैसे बहुधा आधीच भरलेले असतात. दुपार-रात्रीचे जेवण मात्र पुष्कळदा मुलाच्या खिशातून होते. वडील गल्ल्यातून रक्कम काढून देतात. ती तिसऱ्याच दिवशी संपली, तर मुलगा एक तर अर्धपोटी फिरतो किंवा मालाचे नमुने आणण्यासाठी दिलेल्या पैशाला हात लावतो. म्हणून हा हिशेब निघण्यापूर्वी घरीच शिकवावा.

पहिला धडा : मेनूवरचा भाव म्हणजे बिल नव्हे. सिंगापूरच्या अनेक रेस्टॉरंटांत भावापुढे अधिकची दोन चिन्हे (++) छापलेली असतात. एक चिन्ह १० टक्के सेवा-आकाराचे, दुसरे जीएसटीचे. हा कर १ जानेवारी २०२४ पासून ९ टक्के आहे आणि तो सेवा-आकार मिळवून झालेल्या रकमेवर लागतो. समजा, जेवण ३० डॉलरचे. सेवा-आकार ३ डॉलर, झाले ३३. त्यावर कर २ डॉलर ९७ सेंट. एकूण ३५ डॉलर ९७ सेंट, म्हणजे जवळजवळ २० टक्के जास्त. काही ठिकाणी न मागता टेबलावर ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचेही पैसे बिलात येतात. नको असल्यास बसताक्षणीच परत करावे. वेगळी बक्षिशी देण्याचा तेथे रिवाज नाही.

दुसरा धडा : स्थानिक कामगार जेथे जेवतो तेथे जेवावे. तेथे सरकारने बांधलेली हॉकर सेंटरे आहेत. एका छपराखाली अनेक टपऱ्या असतात आणि सेवा-आकार नसतो. या खाद्यसंस्कृतीची २०२० साली युनेस्कोने आपल्या यादीत नोंद केली. नाश्ता ४, दुपारचे जेवण ७, रात्रीचे ८ आणि चहा २ असे धरले तर दिवसाचे २१ डॉलर होतात, पाच दिवसांचे १०५. वरच्या रेस्टॉरंटातील एकच जेवण म्हणजे येथील दीड दिवसाहून अधिक खर्च! भात घेऊन वर भाजी, मासे, अंडे निवडायचे असेल तेथे प्रत्येक जिन्नसाचे पैसे वाढतात. ताटात घेण्याआधी भाव विचारावा. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, म्हणून बाटली सोबत ठेवावी. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचे पाकीट दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे, असे समजावे.

तिसरा धडा : स्वस्ताईपायी हलालची चौकशी सोडू नये. हलाल प्रमाणपत्र देणारी तेथील अधिकृत संस्था म्हणजे मुइस, अर्थात सिंगापूरची इस्लामी धार्मिक परिषद. ‘डुकराचे मांस नाही, चरबी नाही’ अशी पाटी म्हणजे हलालचे प्रमाणपत्र नव्हे. गेलांग सेराई येथे तसेच सुलतान मशिदीच्या आसपास मलाय व हिंदी मुसलमानांची खाणावळे मुबलक आहेत. मुर्तबक, बिर्याणी, नासी लेमाक तेथे मिळते. अनेक हॉकर सेंटरांत ताटे परत ठेवण्याची हलाल जागाही वेगळी असते. घरून खजूर, सुका मेवा, चिवडा द्यावा. मांसाचे पदार्थ मात्र देऊ नयेत, कारण ते नेण्यावर कडक निर्बंध आहेत.

चौथा धडा : पाकिटे वेगळी करावीत. जेवण, प्रवास आणि नमुने यांची रक्कम निघण्याआधीच अलग ठेवावी. थोडी रक्कम अडीअडचणीसाठी राखावी. रोजचा खर्च रात्री वहीत लिहावा. कार्ड वापरल्यास बँक परकीय चलनाचे वेगळे शुल्क लावू शकते, तेही आधी विचारून घ्यावे. सर्वांत मोठी गळती भिडेची असते. सोबती महागड्या हॉटेलात निघाले म्हणून आपणही जायचे आणि बिल सारखे वाटून द्यायचे, मग आपण नुसते सूप का प्यालेले असेना! “माझे वेगळे बिल करा” असे सुरुवातीलाच नम्रपणे सांगण्यात कमीपणा नाही.

सूरे बकरच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. ही लिहिण्याची सवय जेवणाच्या खर्चापासूनच लागू शकते. जो तरुण ताटातला खरा भाव ओळखतो, तो उद्या मालाच्या कोटेशनमधील भाडे, कर आणि दलालीही ओळखेल. मुलगा परत आला की व्यापारी बंधूंनी खरेदीच्या आधी त्याची वही पाहावी.