सायकोपॅथी : व्यक्तिमत्त्वाच्या एका गुणविशेषाची ओळख

मयूर विहारमधील गृहनिर्माण संस्थांत वाहन उभे करण्याच्या जागेवरून वाद पेटला, की एखाद्या रहिवाशाला ‘सायको’ ही पदवी सहज बहाल होते. हा शब्द दोन अगदी भिन्न अवस्थांना सरसकट लावला जातो. त्यामुळे योग्य मदत मिळण्यास विलंब होतो.

यातील पहिली अवस्था सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची. नसलेले आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट शिजत असल्याची अढळ खात्री वाटणे, ही तिची लक्षणे होत. १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रात्री झोपलेल्या गरिबांच्या हत्यांप्रकरणी पकडलेला रामन राघव आजही ‘सायको’ म्हणूनच स्मरणात आहे. पुढे तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासले, तेव्हा निदान झाले ते दीर्घकालीन स्किझोफ्रेनियाचे. त्याची फाशीही जन्मठेपेत बदलण्यात आली. असे प्रकरण अपवादात्मक होय. स्किझोफ्रेनियाचे बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात व उपचारांनी त्यांना आराम पडतो.

सायकोपॅथीत वास्तवाचे भान शाबूत असते. उणीव असते ती दुसऱ्याच्या वेदनेने मन हेलावण्याची आणि केल्या कृत्याचा पश्चात्ताप वाटण्याची. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हार्वे क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये अशा व्यक्तींचे सविस्तर वर्णन केले : बोलणे गोड, वागणे आर्जवी, मात्र दिलेल्या शब्दाला किंमत शून्य. पुढे रॉबर्ट हेअर यांनी २० निकषांची व ४० गुणांची मोजणी तयार केली. ती प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाखत व पूर्वेतिहासाच्या नोंदी पडताळूनच करावयाची असते. भ्रमणध्वनीवरील प्रश्नावलीने नव्हे.

या मोजणीचे मर्म ध्यानी घ्यावे. रक्तदाबाप्रमाणे हे गुणही कमीअधिक प्रमाणात आढळतात. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांमध्ये स्पष्ट भिंत नाही. अभ्यासक त्यांत तीन धागे पाहतात : निर्भयता, निष्ठुरता आणि असंयम. नुसती निर्भयता अग्निशामक दलाच्या जवानाला उपयोगीच पडते. निष्ठुरता आणि असंयम एकत्र आले, की आजूबाजूच्या माणसांना झळ पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतही ‘सायकोपॅथी’ हे स्वतंत्र निदान नाही. तेथे व्यक्तिमत्त्व विकाराची तीव्रता आधी ठरविली जाते व मग ठळक गुणविशेष नोंदले जातात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार समाजाच्या रूढ मूल्यांशी न जुळणे हे मानसिक आजार ठरविण्याचे कारण होऊ शकत नाही. शेजाऱ्याचा तिरसटपणा तर नाहीच नाही.

घरातील व्यक्ती वारंवार फसवीत असेल, पैसे उकळीत असेल, धमकावीत असेल, तर तिच्या स्वभावाला नाव देण्यापूर्वी आपल्या सुरक्षिततेची तजवीज करावी. क्षमायाचनेतील अश्रूंपेक्षा त्यानंतरच्या काही महिन्यांतील वर्तन पाहावे. कर्जाला जामीन राहू नये, कोऱ्या कागदावर स्वाक्षरी करू नये, विश्वासातील एका नातलगाला सर्व हकीकत सांगून ठेवावी. हिंसा झाल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना व महिलांनी १८१ या मदतवाहिनीला कळवावे. निदान काहीही निघो, मार सोसण्याचे बंधन कोणावरही नाही.

मुलांविषयी अधिक सावधपणे बोलावयास हवे. एखादा मुलगा कुत्र्याच्या पिल्लाला मुद्दाम इजा करतो, धाकट्या बहिणीच्या रडण्याने त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, शिक्षेची भीतीही वाटत नाही. अशा वेळी आईवडील छडी उगारतात. ती येथे फारशी कामी येत नाही, कारण अशा मुलांच्या मनावर शिक्षेचा ठसा कमी उमटतो. चांगल्या वागण्याची तत्काळ दखल, ठरलेले नियम आणि मायेचा सहवास यांचा उपयोग अधिक होतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो हे खरे. तरी घरातील वातावरणाचा वाटाही नाकारता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर हा शिक्का मारू नये, पण असे वर्तन काही महिने टिकल्यास बालमनोविकारतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.

सायकोपॅथीवर खास असे औषध नाही. मात्र सोबतचे व्यसन, नैराश्य वा संतापाचे झटके यांवर उपचार होतात आणि त्याने घरातील ताण हलका होतो. टेली-मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर अहोरात्र मराठीतही बोलता येते. स्वतः रुग्ण नसलेल्या कुटुंबीयांनीही दूरध्वनी करावा. प्रत्यक्ष तपासणीसाठी दिलशाद गार्डन येथील ‘इहबास’ ही संस्था पूर्व दिल्लीकरांना जवळची आहे. मयूर विहारहून मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेने वेलकम स्थानक गाठावे व तेथून लाल मार्गिकेने दिलशाद गार्डनला उतरावे. जाताना घडलेल्या प्रसंगांची तारीखवार नोंद सोबत न्यावी.