रोजचें माप : थायरॉइड ग्रंथि मंदावली असतां उतारवयांत वजन कसें सांभाळावें

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३–२१, १ राजे १९:१–८, यशया ३८:२१.

धड्याचा हेतु : ग्रंथि मंदावणें हें दुखणें आहे, पाप नव्हे, हें ओळखणें, आणि औषध, अन्न व श्रम या तिहींचें रोजचें माप राखण्यास शिकणें.



आपल्या मंडळ्यांत साठी ओलांडलेल्या अशा कित्येक स्त्रिया आहेत, कीं ज्यांचें खाणें पूर्वीपेक्षां वाढलेलें नाहीं, तरी अंग मात्र जड होत चाललें आहे. उपासनेस येतांना त्यांस थकवा येतो, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, थंडी फार वाजते, आवाज घोगरा होतो, कातडी कोरडी पडते, शौचास साफ होत नाहीं, आणि काल सांगितलेलें आज आठवत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, "वय झालें." शेजारचे म्हणतात, "सुनेच्या हातचें बसून खाते." मंडळींतील कोणी आळस व खादाडपणा यांविषयीं दोन शब्द ऐकवितो. ती बिचारी हें मनाला लावून घेऊन एक वेळचें जेवण सोडते; तरी वजन उतरत नाहीं, आणि शेवटीं देवच आपणांवर रुष्ट झाला आहे असें तिला वाटूं लागतें. हें दुखणें पुरुषांसही होतें, परंतु स्त्रियांत तें पुष्कळ अधिक आढळतें. हा धडा अशा जनांसाठीं व त्यांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशकांसाठीं आहे.

१. हें दुखणें काय आहे?

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथि असते. तिला थायरॉइड किंवा अवटु ग्रंथि म्हणतात. तिच्यांतून निघणारा रस रक्तांत मिसळून शरीराच्या चुलीचा जाळ किती असावा हें ठरवितो. रस कमी पडला म्हणजे चूल मंद जळते. हृदयाचे ठोके सावकाश पडतात, आंतडीं सुस्तावतात, अंगांत ऊब राहत नाहीं, आणि मीठ व पाणी शरीरांत सांठून राहतें.

मेंदूच्या तळाशीं दुसरी एक ग्रंथि आहे. ती थायरॉइडला कामास लावणारा मुकादमच होय. थायरॉइड सुस्तावली कीं हा मुकादम अधिक हांका मारूं लागतो. त्या हांकांचें माप म्हणजे रक्ताची टी.एस.एच. तपासणी. थायरॉइडचें काम घटलें म्हणजे हा आंकडा बहुधा वाढतो. मोठा आंकडा पाहून "माझें थायरॉइड वाढलें" असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु वाढल्या त्या मुकादमाच्या हांका, काम तर कमी झालेलें असतें.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा या ग्रंथीच्या दुखण्याशीं जुना संबंध आहे. गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग असें पूर्वीं समजत. परंतु हिमालयाबाहेरील ज्या गलगंडाच्या प्रदेशांचीं नांवें वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत येतात, त्यांत गुजराथेंतील भडोच व केरळांतील एर्नाकुलम यांबरोबर औरंगाबाद, म्हणजे आपला जिल्हा, हेंही नांव आहे. अन्नांत व पाण्यांत आयोडीन कमी पडणें हें गलगंडाचें मुख्य कारण. प्रौढ माणसास दिवसास १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. सत्तर वर्षांचें सर्व एकत्र केलें तरी तें चार ग्रॅम भरणार नाहीं. सन १९५६ त डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनीं हिमाचलांतील कांगडा खोऱ्यांत काम आरंभिलें, आणि आयोडीन घातलेल्या मिठानें गलगंड कमी होतो हें दाखवून दिलें. सन १९६२ त राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज बाजारांत मिळणारें आयोडीनयुक्त मीठ हें त्या श्रमांचें फळ आहे.

तथापि चांगलें मीठ खाणाऱ्यांसही ग्रंथि मंदावण्याचें दुखणें होतें. अशा वेळीं बहुधा शरीराचें रक्षण करणारी शक्तीच चुकून आपल्या ग्रंथीवर उलटलेली असते. या विकाराचें वर्णन सन १९१२ त हाकारू हाशिमोटो या जपानी वैद्यानें केलें. सन २०१३ त प्रसिद्ध झालेल्या भारतांतील आठ शहरांच्या पाहणींत शंभर प्रौढांमागें सुमारें अकरा जणांची थायरॉइड मंद असल्याचें आढळलें. तेव्हां ज्या मंडळींत शंभर प्रौढ सभासद आहेत, तेथें हें दुखणें असलेलें कोणीच नसेल असें मानूं नये.

२. औषध घेणें हा अविश्वास नव्हे

"प्रार्थना केली, आतां गोळी कशाला?" असा प्रश्न आपल्या खेड्यांत ऐकूं येतो. याचें उत्तर यशयाच्या ३८ व्या अध्यायांत आहे. हिज्कीया राजाचें आयुष्य वाढविण्याचें वचन देवानें दिलेंच होतें. तरीही संदेष्ट्यानें त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास सांगितलें. वचनावरील विश्वासामुळें लेप निरुपयोगी ठरला नाहीं, आणि लेपामुळें वचन उणें झालें नाहीं.

या दुखण्यावरील औषध फार जुनें नाहीं. सन १८९१ त इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें डॉ. जॉर्ज मरे यांनीं ४६ वर्षांच्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोंचला. ती सुजलेली, मंद झालेली स्त्री थोड्याच महिन्यांत सुधारली, पुढें तोच अर्क पोटांत घेत राहिली, आणि सन १९१९ पर्यंत, म्हणजे ७४ व्या वर्षापर्यंत जगली. तिच्या औषधासाठीं आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या. पुढें सन १९१४ त, नाताळाच्या दिवशीं, अमेरिकेंत एडवर्ड केंडल यांनीं त्या रसांतील मुख्य द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. आज तेंच द्रव्य लेव्होथायरॉक्सिन या नांवानें लहानशा गोळींत मिळतें.

ती घेण्याचे नियम सोपे आहेत, परंतु ते न पाळल्यास गोळी व्यर्थ जाते. सकाळीं उठल्यावर उपाशीं पोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध किंवा न्याहारी घेऊं नये. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालूं असतील तर त्यांत व हिच्यांत चार तासांचें अंतर ठेवावें. गोळ्या चुलीजवळ किंवा ओलसर जागीं ठेवूं नयेत. उपवासाच्या दिवशींही ही गोळी चुकवूं नये. औषधाचें प्रमाण बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं, व प्रकृति स्थिरावल्यावर वर्षांतून एकदां रक्त तपासावें. बरें वाटूं लागलें म्हणून गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. बरें वाटतें तें गोळीमुळेंच.

३. गोळी काय करते व काय करीत नाहीं

येथें पुष्कळांची निराशा होते, म्हणून हा भाग सावकाश समजावून सांगावा. ग्रंथि मंदावल्यामुळें जें वजन वाढतें, तें बहुधा २ ते ४.५ किलो इतकेंच असतें, व त्यांतील पुष्कळ भाग सांठलेल्या मिठाचा व पाण्याचा असतो. औषध लागू पडल्यावर तेवढें उतरूं शकतें. कोणाचें वजन पंधरा किलोंनीं वाढलें असेल, तर उरलेल्याचें कारण इतरत्र शोधावें लागेल. वय वाढतें तसे स्नायु झिजतात. स्नायु घटले म्हणजे बसल्या जागीं शरीर कमी अन्न जाळतें. पूर्वीं जी बाई दिवसभर कापूस वेंचीत असे, ती आतां ओसरीवर नातवंडें सांभाळते; परंतु भाकरी पूर्वींइतकीच राहिली आहे. यांत खादाडपणा नाहीं. माप बदलण्याची वेळ आली आहे, इतकेंच.

कोणी म्हणेल, "तर मग दोन गोळ्या घ्याव्या, म्हणजे लवकर बारीक होऊं." हा मार्ग फार धोक्याचा आहे. जास्त औषधानें हृदयाचे ठोके अनियमित होतात व हाडें ठिसूळ होतात. उतारवयांत हीं दोन्हीं संकटें जिवावर बेतूं शकतात. म्हणूनच वृद्धांस, विशेषतः ज्यांस हृदयविकार आहे त्यांस, डॉक्टर थोड्या प्रमाणानें आरंभ करून तें हळूहळू वाढवितात. सत्तरीनंतर टी.एस.एच. किंचित् अधिक असणें पुष्कळदां वयाचेंच लक्षण असतें. अशा वेळीं गोळी लागेलच असें नाहीं. त्याचा निर्णय डॉक्टरांनीं करावा. बाजारांत बारीक होण्यासाठीं विकल्या जाणाऱ्या पुड्या व काढे घेऊं नयेत. त्यांत काय मिसळलें आहे हें घेणाऱ्यास कळत नाहीं.

अरण्यांत इस्राएल लोकांस मान्ना मिळाला तो दिवसाच्या मापानें. कोणी अधिक सांठविला त्याचा नासला. ज्यानें माप पाळलें त्याला उणें पडलें नाहीं. गोळीचेंही तसेंच आहे. आजची आज, सांगितली तितकी, आणि उद्यां पुन्हां.

४. ताटाचें माप

पहिली गोष्ट चहाची. दिवसांतून चार कप चहा व प्रत्येकांत दोन चमचे साखर घेतली, तर दिवसास सुमारें ४० ग्रॅम, म्हणजे महिन्यास सव्वा किलोच्या जवळपास साखर एका माणसाच्या पोटांत जाते. प्रत्येक कपांत एकच चमचा घातला तरी महिन्यास अर्ध्या किलोहून अधिक साखर वांचेल.

दुसरी गोष्ट जेवण सोडण्याची. उपाशी राहिल्यानें वृद्धाचें मांस आधीं झिजतें, व चूल आणखी मंद होते. जेवण सोडूं नये, त्याची वांटणी बदलावी. दोन भाकऱ्यांची सवय असेल तर दीडीवर यावें, आणि रिकाम्या जागीं घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक, अंडें किंवा मासळी व पालेभाजी घ्यावी. यांतील पहिल्या पदार्थांनीं स्नायूंस आधार मिळतो, व पालेभाजीनें पोट साफ राहतें. तेल ओतून न घालतां चमच्यानें मोजून घालावें.

तिसरी गोष्ट बाजरीची. वैजापूर-गंगापूरकडे ती पुष्कळ खातात. सुदान देशांतील संशोधनांत असें दिसलें, कीं जेथें आयोडीन कमी व अन्न बहुतेक बाजरीचेंच, तेथें बाजरींतील कांहीं द्रव्यें ग्रंथीच्या कामांत अडथळा आणतात. यावरून बाजरी टाकून द्यावी असें नाहीं. बाजरी व ज्वारी पालटून खावी, आणि मीठ आयोडीनयुक्त वापरावें. तें झांकणाच्या बरणींत, उन्हापासून व ओलीपासून दूर ठेवावें. मात्र आयोडीन मिळावें म्हणून मीठ अधिक खाऊं नये. दिवसास एका लहान चमच्याहून, म्हणजे ५ ग्रॅमांहून, कमी मीठ पुरेसें आहे.

५. चालण्याचें माप

आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास, बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें चालावें. ज्यांस एकदम अर्धा तास होत नाहीं त्यांनीं दहा-दहा मिनिटें तीनदां चालावें. शिवाय आठवड्यांतून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठावें व बसावें. यानें मांड्यांस बळ येतें व पडण्याचें भय कमी होतें. छातींत दुखलें किंवा धडधड वाढली तर थांबून डॉक्टरांस दाखवावें.

आठवड्यांतून एकदां, त्याच दिवशीं सकाळीं, वजन करून वहींत लिहावें. आरंभीं वजनाचा विसावा भाग कमी करणें हें ध्येय पुरे. ७० किलोच्या माणसानें सहा महिन्यांत साडेतीन किलो कमी केले तरी रक्तदाब व साखर यांस लाभ होतो. प्रयत्नावांचून वजन झपाट्यानें उतरूं लागलें, पाय सुजले, अथवा माणूस थंडगार व गुंगींत दिसूं लागला, तर विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें. गांवच्या आशाताईंस किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आधीं विचारावें. पुढील उपचारांस शहरांतील घाटीचें शासकीय रुग्णालय आहे.

६. उपदेशकांचें काम

एलीया थकून रतामाच्या झुडपाखालीं निजला व मरण मागूं लागला. तेव्हां देवाच्या दूतानें त्याला आळशी म्हटलें नाहीं, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेतली नाहीं. त्यानें त्याला स्पर्श केला, भाजलेली भाकर व पाणी पुढें ठेवलें, आणि पुन्हां निजूं दिलें. त्यानंतरच पुढच्या लांब वाटेची गोष्ट काढली. थकलेल्या माणसाशीं कसें वागावें याचा हा नमुना आहे.

म्हणून कोणाच्या देहाविषयीं व्यासपीठावरून किंवा ओसरीवर थट्टा करूं नका. वयस्क बहिणीस दमलेली पाहिली तर, "रक्त तपासलें कां?" असें विचारा, आणि तिच्याबरोबर तपासणीस जाईल असें माणूस शोधून द्या. घरभेटींत गोड चहाचा आग्रह करूं नका व स्वतः घेऊंही नका. प्रार्थना अवश्य करा. परंतु प्रार्थनेनंतर गोळी फेंकून द्या, असें कोणासही कधीं सांगूं नका. गोळी थांबवावयाची असल्यास तें डॉक्टर सांगतील.

विचारासाठीं प्रश्न

१. मान्ना रोजच्या मापानें कां मिळाला असावा? आपल्या कोणत्या सवयींस हें माप लागू पडतें?
२. दूतानें एलीयाला आधीं काय दिलें? आपण थकलेल्यांस आधीं काय देतों?
३. टी.एस.एच. चा आंकडा वाढला म्हणजे ग्रंथीचें काम वाढलें कीं घटलें?
४. गोळी सुरू असूनही वजन उतरत नसेल, तर कोणतीं तीन मापें तपासावीं?
५. आपल्या मंडळींत या आठवड्यांत कोणाच्या घरीं जाणें अगत्याचें आहे?

प्रार्थनेचा विषय : ज्यांच्या दुखण्यास आपण आळस म्हटलें अशा वृद्ध मातापित्यांसाठीं, आणि गांवोगांवच्या आरोग्यसेवकांसाठीं.